नर्सची सही: नर्स प्रॅक्टिशनर होण्याची वाट

(बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी मिरजेत झालेल्या करिअर मार्गदर्शन शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



नर्सिंगवर बोलायला सॉफ्टवेअर इंजिनिअर कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. रास्त आहे. मला सलाईन लावता येत नाही आणि रक्त दिसलं की मी आजही नजर फिरवतो. पण गेली दहा-बारा वर्षं मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्यात प्रत्येक कामाची नोंद होते. कुणी केलं, किती वाजता केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं. या नोंदींवर काम करता करता एक गोष्ट मला स्पष्ट दिसत गेली. पेशंटजवळ सर्वांत जास्त वेळ नर्स असते. पेशंटचं काही बिघडतंय हे बहुतेक वेळा तिलाच आधी कळतं. आणि त्यावर काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे सर्वांत कमी असतो.

आजचा विषय या अधिकाराचा आहे. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रीतसर जास्तीचं शिक्षण घेऊन, ठरवून दिलेल्या मर्यादेत, स्वतः निर्णय घेणारी आणि त्या निर्णयाखाली स्वतःची सही करणारी नर्स. ‘घेणारी’ म्हणतोय, पण मुलग्यांनो, तुम्हीही ऐका. वॉर्डात सिस्टरइतकीच ब्रदरची गरज असते.

मिरजेला हॉस्पिटल म्हणजे काय हे सांगायला नको. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून दूरदूरचे पेशंट या गावाच्या स्टेशनवर उतरतात. आपल्या मोहल्ल्यांत कुणी मेडिकल स्टोअरमध्ये आहे, कुणी लॅबमध्ये, कुणी ॲम्ब्युलन्स चालवतं, कुणी पेशंटच्या नातेवाइकांना डबे पोचवतं. हॉस्पिटलच्या आजूबाजूला आपण भरपूर आहोत. हॉस्पिटलच्या आत, पेशंटच्या कॉटजवळ आपली किती मुलंमुली आहेत, हे आज घरी गेल्यावर मोजून बघा.

ऑर्डर कुणाची, हात कुणाचे

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन महत्त्वाची बटणं असतात. एक ‘ऑर्डर’ आणि दुसरं ‘दिलं’. डॉक्टर ऑर्डर लिहितात, अमुक इंजेक्शन, इतके मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. नर्स ते देते आणि ‘दिलं’ या बटणावर टिक करते. डॉक्टरांच्या लॉगिनला पहिलं बटण दिसतं, नर्सच्या लॉगिनला दुसरं. सगळं हॉस्पिटल या दोन बटणांवर चालतं.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत. आयसीयूत साठीचे एक चाचा आहेत, न्यूमोनिया होऊन आलेले. सिस्टर बघते, त्यांचा श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेलाय. बीपी खाली येतंय. तीन तासांत लघवी जवळजवळ झालेली नाही. संध्याकाळी नातवाचं नाव घेऊन बोलणारे चाचा आता असंबद्ध बोलतायत. तिला शंका येते की हा सेप्सिस आहे. जंतुसंसर्गाशी झगडताना सगळं शरीरच कोलमडायला लागतं, ती अवस्था. ती डॉक्टरांना फोन लावते. ते कॅज्युअल्टीत अपघाताच्या केसमध्ये अडकलेत. दहा मिनिटं जातात, वीस जातात. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घड्याळ चालूच असतं.

त्याच वॉर्डात क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर ड्यूटीवर असेल तर काय होतं? ती चाचांना तपासते. स्टेथोस्कोपनं छाती ऐकते. ब्लड कल्चर, लॅक्टेट, एबीजी या तपासण्या सांगते. सलाईन किती वेगानं द्यायचं, बीपी सावरलं नाही तर कोणतं औषध किती मात्रेत सुरू करायचं, हे हॉस्पिटलच्या लेखी प्रोटोकॉलमध्ये ठरलेलं असतं. त्याप्रमाणे ती उपचार सुरू करते. आणि मोठ्या डॉक्टरांना फोन करून म्हणते, ‘सर, सेप्टिक शॉकची शक्यता आहे. मी इतकं केलंय. पुढं मला हे करावंसं वाटतं.’ ‘सर, पेशंट बरा दिसत नाही, लवकर या’ हा फोन आणि हा फोन, यांत वर्षानुवर्षांच्या शिक्षणाचं अंतर आहे.

काही लोक याला ‘अर्धा डॉक्टर’ म्हणतात. तो शब्द मनातून काढून टाका. गुंतागुंतीचं निदान, शस्त्रक्रिया, नवा उपचार ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि ते तसंच राहणार. नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचं नर्सिंग सोबत घेऊन येते. पाठीला जखम होऊ नये म्हणून पेशंटला कधी कुशीवर वळवायचं, नळीतून खाणं कधी सुरू करायचं, घाबरलेल्या मुलाला त्याच्या बापाची तब्येत कुठल्या शब्दांत सांगायची, घरी गेल्यावर काय जपायचं, हे सगळं तिच्याकडे आधीपासून असतं. त्यात तपासणी, निदानाची पद्धत आणि औषधशास्त्राची भर पडते.

सुरुवात कुठं झाली

ही कल्पना आली अमेरिकेतून. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड सार्वजनिक आरोग्याचं काम करायच्या. गावाकडच्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते, नर्स मात्र पोचत होत्या. तर मग याच नर्सना मुलांची पूर्ण तपासणी, वाढीवर लक्ष आणि साध्या आजारांवर उपचार हे रीतसर का शिकवू नये, असा त्यांचा सरळ विचार होता. त्याला डॉक्टरांमधून विरोध झाला आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांमधूनही झाला. एका बाजूला वाटत होतं की नर्स आमच्या हद्दीत येतेय, दुसऱ्या बाजूला वाटत होतं की ती आपली हद्द सोडून चाललीय. फोर्ड २०२५ साली वारल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी. तोपर्यंत त्यांच्या देशात नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या चार लाखांच्या आसपास गेली होती.

तिथली वाट अशी आहे. आधी चार वर्षांची नर्सिंगची पदवी. मग एनक्लेक्स ही परीक्षा देऊन रजिस्टर्ड नर्सचा परवाना. मग बहुतेक जण काही वर्षं वॉर्डात काम करतात. त्यानंतर मास्टर्स किंवा नर्सिंग प्रॅक्टिसमधली डॉक्टरेट. हे शिक्षण घेतानाच आपण कुणाची काळजी घेणार हे निवडावं लागतं. सगळं कुटुंब, प्रौढ व वृद्ध, मुलं, नवजात बाळं, स्त्रियांचं आरोग्य किंवा मानसिक आरोग्य. शेवटी त्या शाखेची राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि राज्याचा परवाना. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तपासणी, निदान आणि औषधं लिहून देणं ही कामं करू शकते. बाकीच्या राज्यांत डॉक्टरांबरोबर लेखी करार किंवा देखरेख लागते. मधला पगार वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या वर आहे.

हा आकडा ऐकून काही डोळे चमकले. मला दिसतंय. त्या वाटेबद्दल मी पुढं बोलणार आहे. आधी आपल्या घरचं बघू.

भारतात काय आहे

भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरांचा वेगळा संवर्ग उभा करावा असं म्हटलंय. आज तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हा भारतीय परिचर्या परिषदेनं आखलेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, शक्यतो आयसीयूतला. हा रेसिडेन्सी पद्धतीचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे साधारण वीस टक्के वर्ग आणि ऐंशी टक्के वॉर्ड. व्हेंटिलेटर कसा हाताळायचा, ईसीजी आणि एबीजी कसे वाचायचे, कुठलं औषध कुठल्या औषधाशी भांडतं, हे सगळं पेशंटच्या कॉटजवळ शिकायचं.

दुसरी, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. केंद्र सरकारनं २०१८ साली प्रसूतिसेवेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातून हे पद आलं. नर्सिंग झालेल्या आणि बाळंतपणाच्या कामाचा अनुभव असलेल्या नर्सना यासाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. ज्या बाईची प्रसूती साधी, नैसर्गिक होणार आहे तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हीच नर्स बघते. धोक्याची चिन्हं दिसली की वेळेवर डॉक्टरांकडे पाठवते. आपल्या बायका ‘लेडी डॉक्टरच पाहिजे’ म्हणतात आणि नसेल तर तपासणीच टाळतात, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. या कामाची आपल्या वस्त्यांना किती गरज आहे, ते अम्मींना विचारा.

तिसरी वाट नावानं नर्स प्रॅक्टिशनर नाही, पण कामानं जवळची आहे. ती म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं हा अधिकारी बीपी, शुगर, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, साधे आजार बघतो, ठरवून दिलेली औषधं देतो आणि गरज पडली तर पुढं पाठवतो. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर आहेत आणि नर्सही आहेत.

कागदावरचं आणि वॉर्डातलं

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण तुमची निवड डोळे उघडे ठेवून व्हावी म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

आमच्याकडे एका हॉस्पिटलनं मागणी केली, नर्स प्रॅक्टिशनरसाठी वेगळं लॉगिन करून द्या. मी विचारलं, ‘हिला कुठलं बटण द्यायचं?’ खोलीत शांतता. एक डॉक्टर म्हणाले, ऑर्डरचं बटण द्या, ती पूर्ण शिकलेली आहे. दुसरे म्हणाले, कायद्यात काय बसतं ते बघा. नर्सिंग सुपरिंटेंडंट म्हणाल्या, बटण दिलं नाही तर तिला शिकवलं कशाला? त्या बैठकीत कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. शेवटी असं ठरलं की प्रोटोकॉलमध्ये लिहिलेल्या ऑर्डर ती देऊ शकेल, तिचं नाव आणि वेळ नोंदली जाईल, आणि ठरावीक तासांत डॉक्टर त्यावर दुसरी सही करतील. प्रोटोकॉलच्या बाहेरचं काही असेल तर आधी फोन.

आज भारतात या कामाची अवस्था जवळपास अशीच आहे. शिक्षण आहे, पदवी आहे. अधिकार मात्र त्या त्या संस्थेच्या प्रोटोकॉलपुरता आहे. आपल्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवरचं औषध दुकानातून घ्यायचं तर ती चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरची लागते. त्यामुळं अमेरिकेसारखा स्वतःचा दवाखाना उघडून औषधं लिहून देणं, हे इथं चालत नाही. कुणी संस्था तसं सांगून प्रवेश देत असेल तर तिथून उठून या. शिवाय ही पदवी घेतली म्हणून सगळीकडे या नावाचं पद आणि त्याचा पगार मिळेलच, असंही नाही. अनेक ठिकाणी तिला वरिष्ठ नर्स म्हणूनच नेमतात.

मग या वाटेनं जायचं कशाला? माझ्या मते दोन कारणांसाठी. एक, शिकलेलं कुठं जात नाही. व्हेंटिलेटर समजणारी नर्स कुठल्याही आयसीयूला हवीच असते. दुसरं कारण मोठं आहे. चौकट अजून तयार होतेय. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. येत्या वर्षांत कुणाला काय करता येईल, पदं कशी असतील, प्रोटोकॉल कसे असतील, हे ठरत जाणार आहे. ते ठरताना खोलीत कोण बसलेलं असेल? जे आज शिकायला सुरुवात करतील ते. आपण नागरिक म्हणून मागण्या करतो, मोर्चे काढतो, निवेदनं देतो. त्याबरोबरच हे एक काम असं आहे, जिथं शिकलेला माणूस आत असणं हीच निम्मी मागणी असते.

बारावीनंतर नेमकं काय करायचं

आता हिशेब. वही काढा.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी सीईटी आहे. जीएनएम तीन वर्षांचं असतं. ते बारावीच्या कुठल्याही शाखेनंतर करता येतं, इंग्रजी मात्र पास हवं. म्हणजे आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. एएनएम दोन वर्षांचं. ते प्रामुख्यानं गावपातळीच्या आरोग्यसेवेसाठी.

समजा, तू अठराव्या वर्षी बी.एस्सी.ला गेलीस. बावीसला पदवी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. मग आयसीयूत दोन वर्षं काम. नियम एक वर्ष म्हणतो, मी दोन म्हणतो, कारण त्या दोन वर्षांत हात आणि नजर तयार होते. चोविसाव्या वर्षी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम, सव्विसाव्या वर्षी पूर्ण. यातली पहिली चार वर्षं सोडली तर मधली दोन वर्षं तू कमावतेस. नीटसाठी तिसऱ्यांदा ड्रॉप घेणाऱ्या मुलीच्या आईबापांनी हा हिशेब एकदा तिच्यासमोर मांडावा. डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर प्रयत्न करा. पण तीन वर्षं क्लासला दिल्यावर ‘आता काय, नर्सिंगच कर’ असं म्हणून पाठवू नका. नाइलाजानं आलेल्या मुलीच्या हाती पेशंट द्यायचा नसतो. आवडीनं पहिल्या वर्षी आलेली मुलगी त्याच तीन वर्षांत खूप पुढं गेलेली असते.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणारे ‘नर्सिंग असिस्टंट’चे कोर्स तुम्ही पाहिले असतील. त्यातून परिषदेची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणजे तुम्ही कायद्यानं नर्स नाही, आणि पुढची कुठलीच पायरी उघडत नाही. पैसे भरायच्या आधी फक्त एक प्रश्न विचारा, ‘हा कोर्स झाल्यावर परिषदेत माझी नोंदणी होईल का?’ उत्तर लेखी मागा.

पैशांचं. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची असेल तर जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कार्यालयात रांग असते. २०२४ पासून राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी दिलीय. त्यासाठी प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तुमच्या कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे प्रवेशाआधी विचारा.

घरातले प्रश्न

आता अम्मी-अब्बूंशी बोलतो.

‘रात्रपाळी आहे.’ हो, आहे. पेशंट रात्रीही आजारी असतो. मुलगी रात्री कशी जाणार-येणार, हॉस्टेल कसं आहे, बस आहे का, हे प्रश्न हॉस्पिटलला जरूर विचारा. ते विचारणं तुमचा हक्क आहे. पण त्या प्रश्नांचं उत्तर ‘म्हणून नोकरीच नको’ हे नसावं. ‘सुरक्षित वाहन द्या’ अशी मागणी व्हायला हवी.

‘परपुरुषाला हात लावावा लागतो.’ उद्या तुमच्या अब्बांना हार्ट अटॅक आला, तर त्यांच्या छातीवर दाब देणारी नर्स मुस्लिम आहे का हिंदू, बाई आहे का पुरुष, हे तुम्ही विचाराल का? नाही विचारणार. मग ती सेवा दुसऱ्यांच्या मुलींनी करायची आणि आपण फक्त घ्यायची, हा कुठला न्याय? आपल्या इतिहासात रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आहे. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांना त्यांच्याच तंबूत शुश्रूषेसाठी ठेवलं होतं. ही गोष्ट मशिदीत सांगितली जाते, मग आपल्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी ती का आठवू नये? आणि इथल्याच मातीतलं नाव हवं असेल तर सावित्रीबाई फुले घ्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या.

‘हिजाब चालेल का?’ अनेक ठिकाणी चालतो, काही ठिकाणी खळखळ करतात. त्याबाबतचा नियम लेखी विचारा. एक गोष्ट मात्र धर्माची नाही, जंतूंची आहे. कोपराखाली बाही, अंगठी, घड्याळ असलं की हात नीट धुता येत नाहीत आणि संसर्ग एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं यावर तोडगा काढलाय. हात उघडे ठेवायला अडचण असेल तर वापरून फेकून द्यायच्या बाह्या मिळतात. प्रश्न सोडवायचा असला की तो असा सुटतो.

आणखी एक त्रास आहे, तो लपवत नाही. माझी मावसबहीण नर्स आहे. पहिल्या नोकरीसाठी ती एका मोठ्या शहरात गेली, तेव्हा नाव ऐकून तीन घरमालकांनी तिला खोली नाकारली. ती चौथ्याकडे गेली. आज त्या इमारतीत कुणाचं बीपी वाढलं की आधी तिचं दार वाजतं. याचा अर्थ पहिल्या तिघांनी केलं ते विसरायचं असा नाही. त्याविरुद्ध बोलायचं, लढायचं. पण त्यांच्यामुळं नोकरी सोडायची नाही.

आणि पगार. खासगी हॉस्पिटलांत नव्या नर्सचा पगार तिच्या कामाच्या मानानं फार कमी असतो, एकेका नर्सवर पेशंट जास्त असतात, सरकारी भरतीतही बऱ्याच जागा कंत्राटी असतात. हा अन्याय आहे आणि तो संघटनेनंच सुटेल. म्हणून नर्सांच्या संघटनेत जा, वर्गणी भरा, सभेला बसा.

परदेशाचं स्वप्न

अमेरिकेबद्दल बोलायचं राहिलं होतं. भारतातली नर्स तिथं थेट नर्स प्रॅक्टिशनर होत नाही. आधी कागदपत्रांची छाननी, इंग्रजीची परीक्षा, एनक्लेक्स, मग व्हिसा. एनक्लेक्स भारतातही देता येते, पण भारतीयांसाठी व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची आहे. तिथं रजिस्टर्ड नर्स म्हणून स्थिरावल्यावर पुढचं शिक्षण. आखाती देशांत नर्स म्हणून जाताना सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून जावं लागतं. कुणी एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बघू’ म्हणाला, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.

केरळच्या नर्स जगभर पोचल्या. त्यांच्याही घरांनी सुरुवातीला हेच सगळं ऐकलं होतं. रात्रपाळी, परपुरुष, लोक काय म्हणतील. पण पुढं त्याच मुलींच्या पगारावर भावंडं शिकली आणि घरं उभी राहिली. जग बघायला जरूर जा. फक्त सुरुवात एजंटच्या ऑफिसात होऊ देऊ नका, ती वॉर्डात होऊ द्या.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, ओळखीच्या कुठल्याही नर्सला अर्धा तास भेटा आणि तिला विचारा, ‘मागच्या महिन्यात असं काय झालं की तुम्हाला कळलं होतं, पण तुम्ही करू शकला नाहीत?’ तिचं उत्तर ऐका. नर्स प्रॅक्टिशनरची गरज माझ्या भाषणापेक्षा त्यातून जास्त कळेल. दोन, मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी मिळवा आणि घराजवळची तीन नावं लिहून काढा. तीन, जेवताना घरात हा विषय काढा. मुलींनीच नाही, मुलग्यांनीही. पहिल्या दिवशी कुणी ‘हो’ म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी परत काढा.

आता माझं बोलणं पुरे. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या अम्मींनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.